उधारीच्या वहीतले हातचे: सायकोसिसचा धोका असलेल्या एका मुलाचं प्रकरण

सायकोसिस म्हणजे भास आणि संशय खरेच वाटू लागून वास्तवाचं भान सुटणं. ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी लिहायला परवानगी दिली आहे. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. औषधांचे निर्णय माझ्यासोबत काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचे होते, चाचण्या आणि समुपदेशन माझ्याकडे होतं.

पार्श्वभूमी

मुलगा एकोणीस वर्षांचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांचं किराणा दुकान आहे. घर माळकरी. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, गुण ८८ टक्के. मग शहरातल्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला प्रवेश घेतला आणि हॉस्टेलवर राहू लागला. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. मार्चपासून पंख्याच्या नाहीतर मिक्सरच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं, आठवड्यातून दोनतीनदा. रूमवरची मुलं व्हॉट्सअॅपवर वेगळा ग्रुप करून आपल्यावर बोलतात, असंही त्याला वाटायचं. पण तोच पुढे म्हणायचा, "माझ्याच मनाचे खेळ असतील. तसं नसेलही." ही शंका शाबूत होती, आणि पुढचं सगळं त्या शंकेवरच उभं राहिलं.

घरच्यांनी आधी देवाचं केलं, मग गावातल्या डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या घेतल्या. जूनअखेर शहरातल्या एका डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे भास-संशयावरचं (अँटिसायकोटिक) औषध दोन मिलिग्रॅम आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू केलं. सहा आठवड्यांत नाव ऐकू येणं कमी झालं. पण तो वर्गात पेंगायचा आणि तोंडाला कोरड पडायची. ऑगस्टमध्ये आमच्याकडे आला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. ह्याचं तसंच होणार का?" तिचा भाऊ कित्येक वर्षं मनोरुग्णालयात होता.

मुलाला मात्र आवाजांबद्दल फारसं बोलायचंच नव्हतं. "ते येतात नि जातात. पण डोक्यात काही राहतच नाही. लेक्चरला बसतो, वही भरतो, रूमवर येऊन उघडतो तर कुणा दुसऱ्याची वही वाचल्यागत वाटतं." पहिल्या भेटीत मी हे वाक्य टिपून ठेवलं, पण त्यामागे गेले नाही. तास सगळा भास आणि संशय यांतच गेला.

अडचण नेमकी काय होती

नव्वदच्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी, अॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायकोसिसचा उच्च धोका' असलेल्या तरुणांसाठी निकष बसवले. लक्षणं आहेत पण सौम्य आहेत, गेल्या वर्षभरात सुरू झाली किंवा वाढली आहेत, आणि रोजच्या जगण्यावर त्यांचा परिणाम दिसतो, असा तो गट. आम्ही वापरतो त्या मुलाखतीत प्रत्येक लक्षणाला शून्य ते सहा गुण असतात. तीन ते पाच म्हणजे धोक्याची पातळी, सहा म्हणजे सायकोसिस. मुलाचा संशय चारवर होता, भास तीनवर. मामा हे दुसऱ्या फळीतलं नातं असल्यामुळे आनुवंशिक धोक्याच्या निकषात तो बसत नव्हता. आईला हे सांगितलं तेव्हा तिने डोळे पुसले. पण भीती गेली नाही, आणि ती एका निकषाने जावी अशी अपेक्षाही नव्हती.

आकडे सांगणं भाग होतं. २०१२ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात या गटातल्या सुमारे २२ टक्के लोकांना एका वर्षात आणि ३६ टक्क्यांना तीन वर्षांत सायकोसिस झाल्याचं दिसलं होतं. त्यानंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण कमी आलं आहे. म्हणजे बहुतेकांना सायकोसिस होत नाही. तरीही ज्यांना होत नाही त्यांतल्या अनेकांचं शिक्षण आणि काम रखडतं. ते कशाने रखडतं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता.

दुसऱ्या भेटीला त्याच्या हातचं लिहिलेलं काहीतरी आणा, असं मी वडिलांना सांगितलं. मला शाळेच्या वह्या अपेक्षित होत्या. त्यांनी सोबत दुकानाची उधारीची वहीही आणली. शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर मुलगाच बसायचा. वडील पानं उलटत गेले. आदल्या वर्षीच्या गणपतीपर्यंतचं अक्षर नीट, बेरजा बरोबर. दिवाळीच्या सुट्टीपासून खाडाखोड दिसू लागते. एका पानावर सत्तेचाळीस आणि अडतीस यांची बेरीज पंच्याहत्तर केलेली, हातचा राहून गेलेला. पुढच्या पानावर तेलाची तीच नोंद एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर दोनदा. उन्हाळ्यात तर तीन ठिकाणी नाव आहे, माल आहे, रकमेची जागा कोरी.

वहीने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. पहिली, घसरण भासांच्या आधी पाच महिने सुरू झाली होती. दुसरी, ती औषधांच्याही आधीची होती. इंग्रजीतून शिकायला लागल्यामुळे गडबड होते, हे हॉस्टेलच्या वहीपुरतं पटलं असतं. ही वही मराठीत होती आणि काम सहावीपासूनच्या सवयीचं होतं.

चाचणी, आणि आमची चूक

बोधनिक क्षमता म्हटलं की लोकांना बुद्ध्यांक आठवतो. आम्हाला लक्ष, शब्दांची स्मृती, विचाराचा वेग आणि एखादी गोष्ट मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, म्हणजे कार्यस्मृती, बघायची होती. उत्तर अमेरिकेत आठ केंद्रांनी मिळून धोक्याच्या गटातल्या जवळपास सातशे जणांच्या चाचण्या घेतल्या. ते निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पुढे ज्यांना सायकोसिस झाला त्यांचं लक्ष, कार्यस्मृती आणि शब्दस्मृती सुरुवातीलाच इतरांहून कमी होती. त्याच वर्षी त्याच प्रकल्पातून ५९६ जणांच्या माहितीवर धोका मोजण्याचं एक गणित तयार झालं. संशय आणि विचित्र विचार, सामाजिक वावरातली घसरण यांच्या जोडीला शब्दस्मृती आणि विचाराचा वेगही त्यात धरले आहेत. पण हे गटाचं चित्र आहे. दोन्ही गटांतल्या माणसांचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून एका मुलाच्या गुणावरून त्याचं भविष्य सांगता येत नाही.

शब्दस्मृतीची चाचणी साधी असते. बारा शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे म्हणून घ्यायचे. असं तीनदा. वीसेक मिनिटांनी पुन्हा विचारायचं. आमच्याकडच्या प्रशिक्षणार्थी ताईंनी मुलगा पॉलिटेक्निकचा म्हणून इंग्रजी यादी घेतली. आले तीन, चार आणि पाच, एकूण बारा. गुण पाहून आम्ही सगळेच गप्प झालो. पुढच्या आठवड्यात मी आमची मराठी यादी घेतली, त्यात भाज्या, अवजारं आणि नाती होती. चार, सहा, सात. एकूण सतरा. पाच गुणांचा फरक केवळ भाषेचा नसेल, दुसऱ्यांदा बसण्याची सवयही त्यात असेल. पण त्या बारावर विसंबून आम्ही अहवाल लिहिला असता तर तो चुकीचा ठरला असता, आणि मुलाच्या फाइलमध्ये कायमचा राहिला असता.

आमच्या मराठी यादीला महाराष्ट्रातल्या मुलांचे पक्के निकष नाहीत. म्हणून सोबत आलेल्या थोरल्या भावालाही तीच यादी दिली. दादाची शाळा तीच, घर तेच. त्याचे आले अठ्ठावीस. हा शास्त्रीय निकष नव्हे, पण अमेरिकन तक्त्यापेक्षा तो मला जास्त विश्वासाचा वाटला. वीस मिनिटांनी मुलाला बारांपैकी तीन शब्द आठवत होते. आकडे आणि चिन्हांच्या जोड्या लावायचा कागदही त्याने फार सावकाश भरला. चुका नव्हत्या, वेग नव्हता.

आता याला काय काय कारणीभूत असू शकतं? रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व होतं १४८, दोनशेच्याही खाली. शाकाहारी घरात ही कमतरता वरचेवर सापडते, आणि तिच्यामुळेही स्मृती व मन बिघडू शकतं. रिस्पेरिडोनचे शरीरावर होणारे दुष्परिणाम आवरायला दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल स्वतःच स्मृतीला मारक असतं. झोप जेमतेम पाच तास. मनाला उदासी होती. "नसतो तर बरं झालं असतं" असे विचार अधूनमधून यायचे, बेत मात्र नव्हता. हॉस्टेलवर दोनतीनदा गांजा ओढला होता, मग सोडला. थायरॉइड ठीक. या सगळ्या गाठी एकाच दोरीत होत्या आणि एकेक सुटी करून बघायला वेळ लागणार होता.

स्मृती आणि संशय एकमेकांना कुठे भेटतात

संशोधनात बोधनिक क्षमता आणि भास-संशय यांचा संबंध फार घट्ट सापडत नाही. बोलणं कमी होणं, उत्साह जाणं, माणसांतून उठून जाणं आणि विस्कळीत विचार यांच्याशी तो जास्त दिसतो. या मुलातही तसंच होतं. लहानपणापासून हरिपाठाला तो पखवाज वाजवायचा, ते सोडलं होतं. "ठेका बदलला की मी मागं राहतो," एवढंच कारण दिलं.

तरीही रोजच्या जगण्यात स्मृती आणि संशय विशिष्ट जागी एकमेकांना भेटत होते, आणि ती जागा सापडायला मला तीन भेटी लागल्या. कॅल्क्युलेटरची गोष्ट अशी. तो टेबलावर ठेवलेला असायचा आणि उशीखाली सापडायचा. "कुणीतरी हलवतं." त्या दिवसाचा क्रम आम्ही दोघांनी मिळून लिहून काढला, तेव्हा रात्री झोपताना हिशेब करता करता त्यानेच तो उशीखाली सरकवला होता, हे त्याचं त्यालाच आठवलं. दुसरी गोष्ट जेवणाच्या टेबलावरची. मुलं पटापट बोलायची, विनोद व्हायचा, हसू फुटायचं. याला वाक्याचा अर्थ लागेपर्यंत हसू संपलेलं असायचं. हातात उरायचे ते फक्त हसणारे चेहरे. ते आपल्यालाच हसतात, हा अर्थ त्या पोकळीत अलगद येऊन बसायचा.

सगळा संशय असा विस्मरणातून जन्मला, असं मी म्हणणार नाही. पंख्यातून येणारं नाव यात बसत नाही. पण काही संशयांच्या मुळाशी सुटलेला धागा होता, आणि त्या धाग्यापाशी हात पोहोचत होता.

पर्याय

आमच्यापुढे चार वाटा होत्या. रिस्पेरिडोन वाढवायचं, असं मामाच्या आठवणीने आईला वाटत होतं. सगळी औषधं थांबवून फक्त समुपदेशन करायचं, हे मुलाला हवं होतं. वडिलांना त्याला घरी आणून दुकानात बसवायचं होतं: "वर्ष गेलं तर जाऊ दे, पोरगं तर राहील." चौथी वाट हळूहळू जाण्याची होती. आधी स्मृतीला मारक गोळी काढायची, बी-१२ भरायचं, मग रिस्पेरिडोन उतरवायचं आणि प्रत्येक टप्प्यावर मोजायचं.

ब्रिटनमधल्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्यांना फक्त धोका आहे त्यांना सायकोसिस टाळण्यासाठी अँटिसायकोटिक देऊ नये, त्याऐवजी बोधनिक-वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारं समुपदेशन, द्यावेत. हे उपचार रामबाण आहेत असं नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्येच २८८ जणांवर झालेल्या चाचणीत त्यांनी सायकोसिसचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही, लक्षणांची तीव्रता मात्र कमी झाली. ओमेगा-३ चा पर्याय मुलाने यूट्यूबवर पाहिला होता. व्हिएन्नातल्या ८१ जणांच्या छोट्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला होता. २०१७ मध्ये ३०४ जणांच्या मोठ्या अभ्यासात तो टिकला नाही. हे सांगून तो विषय आम्ही तिथेच मिटवला.

खरी रस्सीखेच घरी आणण्यावरून झाली. मी वडिलांच्या बाजूला झुकत होते. मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, घरी आणला की माणसांतला उरलासुरला वावरही तुटेल आणि तो परत जोडणं अवघड जाईल. शेवटी मुलालाच विचारलं. तो बराच वेळ खाली बघत बसला आणि म्हणाला, "दुकानात बसलो तर गिऱ्हाईक विचारेल, कॉलेज का सोडलं. त्याला काय सांगू?" हॉस्टेल सोडायचं, कॉलेज सोडायचं नाही, शहरात आत्याकडे राहायचं, असं ठरलं.

काय केलं

ट्रायहेक्सिफेनिडिल दोन आठवड्यांत हळूहळू बंद केलं. बी-१२ ची इंजेक्शनं दिली. रिस्पेरिडोन दोनवरून एक, मग अर्धा मिलिग्रॅम, आणि तीन महिन्यांनी शून्य. आईच्या समाधानासाठी, आणि खरं तर आमच्याही, एक कागद लिहून तिच्याजवळ दिला. "माझे भास असतील" असं म्हणणं त्याने सोडलं, संशयापायी कुणावर धावून गेला किंवा दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपला, तर वाट न बघता फोन करायचा, गोळीचा विचार पुन्हा होईल. त्याच कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही लिहिला. आईने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

समुपदेशन सुरुवातीला चाललं नाही. घरी करायला दिलेलं तो विसरायचा, आणि मी ते दोनदा टाळाटाळ समजले. तिसऱ्यांदा लक्षात आलं की तासाभराचं बोलणं त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं. मग भेट अर्ध्या तासावर आणली. एका भेटीत एकच मुद्दा, तो एका कार्डावर त्याच्याच शब्दांत लिहायचा, आणि शेवटची पाच मिनिटं त्याच्या फोनवर रेकॉर्ड करायची. पहिलं कार्ड होतं: "वस्तू हलली? आधी शेवटचं कधी वापरली ते आठव. मग शंका." कॅल्क्युलेटर, चावी, फोन या तिघांसाठी आत्याने दाराजवळ स्टीलची एक ताटली ठेवली.

अभ्यासात एका वेळी दोनच विषय धरले. हिवाळी परीक्षेला फक्त राहिलेले दोन विषय द्यायचे. शब्द गटांत बांधून लक्षात ठेवायला शिकवलं: बारा सुटे शब्द जड जातात, चार-चारचे तीन गठ्ठे झेपतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा विचार झाला होता, पण शिक्का लागेल या भीतीने कुटुंबाने नको म्हटलं. त्याऐवजी एका शिक्षकांशी बोलून प्रात्यक्षिकाच्या लेखी सूचना आदल्या दिवशी मिळतील अशी सोय केली.

काय झालं

आठ आठवड्यांनी वेगळी मराठी यादी घेतली. एकूण बावीस. मारक गोळी गेली, बी-१२ भरलं, झोप सात तासांवर आली, यांतल्या कशाने किती सुधारणा झाली हे सांगता येणार नाही. तिन्ही एकदम केलं होतं. सहा महिन्यांनी गुण तेवीस होते, आणि तिथून पुढे सरकले नाहीत. दादाच्या अठ्ठाविसापासून अजून लांबच.

संशयाची वाट वेगळी होती. तीन महिन्यांनी तीन, सहा महिन्यांनी दोन. उन्हाळी परीक्षेच्या आधी तो पुन्हा चारवर गेला, नावही दोनदा ऐकू आलं. त्याच आठवड्यात घेतलेली यादी बावीस होती. संशय चढला, स्मृती जवळपास जागेवरच राहिली. कागदावरची कुठलीच अट पूर्ण झाली नव्हती म्हणून गोळी पुन्हा सुरू केली नाही, आठवड्यातून दोनदा भेटलो. परीक्षा संपल्यावर पंधरा दिवसांत तो खाली आला. ते पंधरा दिवस आईला फार जड गेले आणि मलाही.

अठरा महिन्यांनंतर सायकोसिस झालेला नाही. डिप्लोमाचा एक विषय अजून बाकी आहे. सकाळी चुलतभावाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मापं खिशातल्या वहीत लिहून घेतो आणि लिहिल्याशिवाय मशीन चालू करत नाही. कमी बोलतो, पूर्वीइतका मित्रांत रमत नाही, ते फारसं बदललेलं नाही. हरिपाठाला पुन्हा जायला लागला आहे. पखवाज दादा वाजवतो, हा टाळ धरतो.

पुन्हा करायचं झालं तर

मराठी यादी पहिल्याच आठवड्यात घेईन. "लक्षणं जरा बसू देत, मग चाचण्या" असं आमच्यात अनेकदा म्हटलं जातं. या मुलात लक्षणं खाली आली तरी स्मृती आपोआप वर आली नव्हती, आणि वाट बघत बसलो असतो तर गोळीचा परिणाम आणि आधीची घसरण यांतला फरक कधीच दिसला नसता.

बदल एकेक करून करेन. निदान गोळी काढणं आणि बी-१२ यांत चार आठवड्यांचं अंतर ठेवेन. तेव्हा घाई केली, कारण परीक्षा जवळ होती आणि मुलाचा धीर सुटत चालला होता. त्या घाईबद्दल आजही मला ठाम उत्तर देता येत नाही.

घरचा अभ्यास झाला नाही की आधी इच्छा तपासायची माझी सवय होती. आता आधी स्मृती तपासते. त्या दोन भेटींत त्याला माझ्याकडून जी नाराजी दिसली असेल, तिच्याबद्दल नंतर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हीपण त्यांच्यातल्याच." हे वाक्य मी टीमच्या बैठकीत वाचून दाखवलं.

आता पहिल्या भेटीची वेळ ठरवतानाच फोनवर सांगतो, येताना मुलाच्या हातचं गेल्या दोनेक वर्षांतलं काहीतरी घेऊन या. वही, हिशेब, डायरी, दुधाचं कार्ड, काहीही चालेल. परवा त्याच्या वडिलांनी उधारीची वही पुन्हा आणली होती. रविवारच्या नोंदी आता परत त्याच्या अक्षरात आहेत. प्रत्येक बेरजेखाली बारीक टिकमार्क आहे, कॅल्क्युलेटरवर पडताळल्याचा. एका ओळीला टिक नव्हती. ती बेरीज मी तिथेच करून पाहिली. बरोबर होती.